बोली लागल्यावर लिलाव मधेच थांबवता येतो का?

वाचकांचे प्रश्न : घरबसल्या विक्री

या महिन्यात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. वस्तू ऑनलाइन लिलावाला लावली, बोली सुरू झाली आणि आता विक्रेत्याला मागे फिरायचं आहे. सगळी पत्रं ईबेवर विकणाऱ्यांची आहेत, म्हणून उत्तरंही तिथल्या नियमांनुसार दिली आहेत. ईबेचं भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८मध्ये बंद झालं. तेव्हापासून आपल्याकडचे विक्रेते माल परदेशी गिऱ्हाइकांसाठी, बहुतेक करून अमेरिकन संकेतस्थळावर लावतात. निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : एचएमटी जनता, चावीचं घड्याळ, चालू स्थितीत. सात दिवसांचा लिलाव ९.९९ डॉलरपासून सुरू केला. आज पाचवा दिवस आहे आणि बोली २६ डॉलरवर अडकली आहे. मला निदान ६० तरी हवेत. लिलाव बंद करून पुन्हा लावू का? (साखर पेठ)

बंद करू नका. पाचव्या दिवशी दिसणारा आकडा ही तुमच्या घड्याळाची किंमत नव्हे. ईबेवर बोलीदार आपली कमाल रक्कम गुपचूप भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा, एकाने ४० डॉलर भरून ठेवलेत आणि दुसऱ्याने २५. पडद्यावर २६च दिसतील, कारण २५ ते ९९.९९ डॉलरच्या टप्प्यात बोली एकेका डॉलरने चढते. पहिल्या माणसाच्या खिशातले उरलेले १४ डॉलर तुम्हाला दिसत नाहीत.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. आपल्या मार्केट यार्डात कांद्याची बोली चढत असेल तोवर आडत्या पुकारत राहतो. ईबेवर तसं नाही. ठरलेल्या सेकंदाला लिलाव संपतो, मुदत वाढत नाही. म्हणून जाणकार गिऱ्हाईक सहा दिवस गप्प बसतं आणि शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत आपली रक्कम टाकतं. लिस्टिंगवर, म्हणजे तुमच्या वस्तूच्या विक्रीच्या पानावर, ‘वॉचर्स’ (बोली न लावता नुसतं लक्ष ठेवून असलेली माणसं) किती आहेत ते बघा. दोन बोलीदार आणि पंधरा वॉचर्स असतील तर खरी गर्दी अजून दाराबाहेर उभी आहे. तुम्ही आज लिलाव थांबवलात तर तिलाच परत पाठवाल.

तरीही थांबवायचंच असेल तर १२ तासांची रेघ लक्षात ठेवा. लिलाव संपायला १२ तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर बोली असली तरी त्या रद्द करून लिलाव बंद करता येतो. १२ तासांच्या आत आलात आणि बोली असेल, तर एकच वाट उरते : त्या क्षणी जो सर्वात पुढे आहे त्याला वस्तू विकून लिलाव संपवणं. आणि तो देणार पडद्यावरचे २६, त्याने मनात धरलेले ४० नव्हेत. बोलीच नसेल तर अडचण नाही, केव्हाही बंद करता येतो.

कृती सोपी आहे. ‘माय ईबे’मध्ये ‘सेलिंग’, त्यात ‘ॲक्टिव्ह’. त्या वस्तूसमोरच्या यादीतून ‘एंड लिस्टिंग’ निवडा. बोली असतील तर दोन पर्याय पुढे येतात : बोली रद्द करून बंद करायचं की त्या क्षणी सर्वात पुढे असलेल्या बोलीदाराला विकायचं. इथे घाई करू नका. दुसऱ्या पर्यायावर चुकून बोट पडलं तर घड्याळ २६ला गेलं म्हणून समजा. मग कारण विचारतात : वस्तू आता विक्रीला नाही, लिस्टिंगमध्ये चूक होती, वस्तू हरवली किंवा मोडली. यांतलं जे खरं असेल तेच निवडा. ‘भाव कमी आला’ हे कारण त्या यादीत नाही आणि ते मान्य कारणही नाही. बोली रद्द करून लिलाव थांबवला तर त्या वेळच्या सर्वोच्च बोलीवर विक्री शुल्क लागू शकतं. वारंवार तसं केलं तर खात्यावर निर्बंध येतात.

पुढच्या वेळी ६०च्या खाली द्यायचं नसेल तर सुरुवातच ६०ला करा. बोली कमी लागतील, पण झोप लागेल. रिझर्व्ह किंमत, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकली जात नाही अशी गुप्त किमान किंमत, हा दुसरा मार्ग आहे, मात्र तिचं शुल्क वेगळं पडतं आणि वस्तू विकली गेली नाही तरी ते परत मिळत नाही. साठ-सत्तर डॉलरच्या वस्तूला तो खर्च परवडत नाही.

प्रश्न : दोन बोलीदारांपैकी एक माणूस संशयास्पद वाटतो. फक्त त्याचीच बोली काढता येते का? (होटगी रोड)

येते. ‘कॅन्सल बिड’ या पानावर वस्तूचा क्रमांक, त्या बोलीदाराचं खातेनाव आणि कारण भरायचं. पण वरचंच उदाहरण घ्या : २५वाल्याची बोली काढली तर ४०वाल्याला स्पर्धाच उरत नाही आणि भाव २६वरून थेट ९.९९वर येतो. हे आधी माहीत नसलं की छातीत धस्स होतं. काढलेला माणूस परत येऊ नये असं वाटत असेल तर त्याचं नाव अडवलेल्या बोलीदारांच्या यादीतही घाला. नुसती बोली काढून उपयोग नाही, तो पाच मिनिटांत पुन्हा लावतो.

प्रश्न : ‘१२ तास’ सोलापुरात बसून मोजायचे कसे? माझा हिशोब एका तासाने चुकला आणि लिलाव थांबवता आला नाही. (बार्शी)

अमेरिकन ईबेचं घड्याळ पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालतं. उन्हाळी वेळ लागू असताना (तेव्हा तिकडची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात) आपण तिच्या १२ तास ३० मिनिटं पुढे असतो, हिवाळ्यात १३ तास ३० मिनिटं. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. तुमचा हरवलेला तास बहुधा इथेच सापडेल.

लिलाव त्यांच्या रविवारी संध्याकाळी ६.३०ला संपत असेल तर जुलैमध्ये आपल्याकडे सोमवारची सकाळ, ७ वाजलेले असतात. म्हणजे १२ तासांची रेघ रविवारी संध्याकाळी ७ला. तोच लिलाव डिसेंबरमध्ये सोमवारी सकाळी ८ला संपेल आणि रेघ रविवारी रात्री ८ला पडेल. लिलाव लावल्याबरोबर ही वेळ काढा आणि फोनमध्ये तिच्या दोन तास आधीचा गजर लावून ठेवा. गजर झाला की वस्तू हातात घेऊन एकदा तपासा. रेघ ओलांडल्यावर काही बिघडलेलं आढळलं तरी बोली रद्द करून लिलाव थांबवता येत नाही.

प्रश्न : लिलावातलं घड्याळ फोटो काढताना टेबलावरून पडलं. वरून एक ओरखडाही नाही, पण तासाला आठ-दहा मिनिटं पुढे जातंय. अजून दोन दिवस बाकी आहेत, चार बोली आहेत. (मुरारजी पेठ)

तुमच्याकडे थांबवण्याचं रास्त कारण आहे आणि वेळही आहे. पण आधी घड्याळाला खरंच काय झालंय ते बघा.

घड्याळ असं एकदम पुढे धावू लागलं की पहिला संशय हेअरस्प्रिंगचा. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे हेलकावे घेत वेळ राखणाऱ्या चाकाच्या मधोमध केसासारखी बारीक, गोल वेढ्यांची स्प्रिंग असते. धक्क्याने तिचे वेढे एकमेकांत अडकतात. मग स्प्रिंग जणू आखूड होते, चाक लवकर लवकर हेलकावतं आणि काटे पळत सुटतात. वेढे चुंबकत्वानेही असेच चिकटतात. फोटो काढताना घड्याळ स्पीकरजवळ किंवा चुंबक असलेल्या फोन-स्टँडजवळ ठेवलं होतं का ते आठवा. साधं होकायंत्र घड्याळाच्या अगदी जवळ धरा. सुई थरथरली किंवा ओढली गेली तर बिघाड चुंबकाचा असण्याची शक्यता मोठी. घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र असतं, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. तसं असेल तर लिलाव चालू ठेवा. दुरुस्तीनंतर एक दिवसरात्र घड्याळ चालवून वेळ पडताळा आणि ‘आज तपासलं, वेळ बरोबर दाखवतं’ अशी एक ओळ वर्णनाखाली जोडा. बोली लागल्यावर मूळ वर्णन बदलता येत नाही, पण १२ तासांहून जास्त अवधी असेल तर खाली भर घालता येते.

सुई हलली नाही, तर वेढे धक्क्यानेच गुंतलेत. ते चिमट्याने सोडवणं कसबी माणसाचं काम आहे, दोन दिवसांत उरकेल म्हणून भरवसा धरू नका. चारही बोली रद्द करा, कारण ‘वस्तू मोडली’ द्या आणि चौघांनाही दोन ओळींचा निरोप पाठवा : घड्याळ पडलं, वेळ चुकतेय, दुरुस्त झाल्यावर पुन्हा लावू. असा निरोप मिळालेलं गिऱ्हाईक दुसऱ्या लिलावाला परत येतं. निरोप न पाठवता लिस्टिंग गायब केली तर त्याला वाटतं, याने बाहेर विकलं.

हाच बिघाड शेवटच्या १२ तासांत लक्षात आला असता तर? लिलाव संपू द्यायचा. संपल्या मिनिटाला, पैसे येण्याच्या आधी, जिंकलेल्या माणसाला फोटोसह खरं काय ते कळवायचं आणि व्यवहार रद्द करायचा. रद्द करताना ‘वस्तू उपलब्ध नाही किंवा खराब झाली’ हेच कारण द्या. त्याने खात्यावर एक ठपका पडतो. तो चुकवण्यासाठी बरेच जण ‘ग्राहकानेच रद्द करायला सांगितलं’ असं निवडतात. ते खोटं आहे, नियमभंगही आहे, आणि ग्राहकाने तक्रार केली की उघडं पडतं. एकूण व्यवहारांच्या २ टक्क्यांपर्यंत ठपके चालतात, त्यामुळे एखाद्या प्रामाणिक ठपक्याने खातं बुडत नाही.

प्रश्न : एकाने निरोप पाठवलाय : ‘लिलाव आत्ता बंद करा, मी १२० डॉलर देतो, पैसे थेट पाठवतो.’ बोली ४१वर आहे. मोह होतोय. (जुळे सोलापूर)

मोह होणारच, पण तो माणूस ४१च्या वस्तूला १२० का देतोय याचा विचार करा. बहुतेक वेळा त्याला तुमच्या वस्तूबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. फोटोत डायलचा एखादा दुर्मीळ रंग दिसलेला असतो आणि शेवटच्या मिनिटाला दुसऱ्या जाणकारांशी गाठ पडू नये म्हणून त्याला लिलाव उरकायचा असतो. नाहीतर तो सरळ ठग असतो.

ईबेवर भेटलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर विकणं हा शुल्क चुकवण्याचा प्रकार धरला जातो. खातं बंद होऊ शकतं. पार्सल हरवलं, पैसे परत खेचले गेले किंवा समोरचा गप्प झाला, तर दाद मागायला जागा राहत नाही. शिवाय ज्यांनी ४१पर्यंत बोली चढवली त्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं ते वेगळंच.

उत्तर एवढंच द्या : ‘धन्यवाद. आपली कमाल रक्कम बोलीत भरून ठेवा.’ त्याला खरंच १२० द्यायचे असतील तर तो भरेल. बोली एकही नसती, तर लिस्टिंगला ‘बाय इट नाऊ’ (लिलावाची वाट न बघता लगेच विकत घेण्याची) किंमत जोडून त्याला तिथेच घ्यायला सांगता आलं असतं. ती किंमत सुरुवातीच्या बोलीपेक्षा निदान ३० टक्के जास्त ठेवावी लागते आणि साधारणतः पहिली बोली पडली की तो पर्याय नाहीसा होतो.

प्रश्न : जुन्या नक्षीच्या दोन डबल चादरी एकत्र लावल्या. टपालखर्च अडीच किलोचा धरला होता. खोकं बांधून कुरिअरवाल्याला दाखवलं तर तो ४.८ किलो म्हणतो. काट्यावर तर २.२ भरतं! नुकसानीत जातोय, लिलाव थांबवू का? (अक्कलकोट रोड, एमआयडीसी)

कुरिअरवाला फसवत नाहीये. परदेशी पार्सलला कुरिअर कंपन्या काट्याचं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कंपन्यांच्या हिशोबात ५०००ने भागायचं. तुमचं खोकं ४० बाय ३० बाय २० असणार : २४,००० भागिले ५०००, म्हणजे ४.८.

लिलाव थांबवण्याऐवजी खोकं बदला. चादरी घडी घालून हवा दाबून काढा, आडव्या-उभ्या पट्ट्या मारून घट्ट बांधा आणि १० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात बसवा. ४० बाय ३० बाय १० म्हणजे १२,०००, भागिले ५००० : २.४ किलो. तुमच्या अडीच किलोच्या आत बसलं. एक काळजी घ्या : कोंबून भरलेलं खोकं मधे फुगतं आणि मोजणारा फुगवट्यापाशीच टेप लावतो. दोन सेंटिमीटर फुगलं तरी आकडा २.८८वर जातो. जाड पुठ्ठा वापरा, झाकण बसत नसेल तर घडी बदला.

चादरवाल्यांकडून येणारी दुसरी तक्रार म्हणजे लिलावातली चादर दुकानातून विकली गेली. नवी पेठेतल्या दुकानात मुलगा गल्ल्यावर बसतो, त्याला ठाऊक नसतं. लिलाव लावला की ती वस्तू दुकानातून उचलून घरच्या कपाटात ठेवा आणि वर लिलावाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचा. एकाच नक्षीच्या वीस चादरी असतील तर लिलाव करूच नका, ठरावीक किमतीची लिस्टिंग लावा. ती केव्हाही बंद करता येते. माल संपला तरी बंद करण्यापेक्षा नग शून्य करून ठेवणं चांगलं. लिस्टिंगची विक्रीची नोंद टिकते आणि माल आला की नग वाढवले की काम झालं.

प्रश्न : भाव पडू नये म्हणून पुण्याच्या मेव्हण्याला दोन-तीन बोली लावायला सांगितलं तर चालेल का? (पंढरपूर)

नाही. घरच्या, मित्राच्या किंवा नोकराच्या खात्यातून भाव चढवणं ईबेच्या नियमात बसत नाही. आपला कायदाही तेच सांगतो. वस्तू विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ६४नुसार विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवलेला नसेल तर स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं बेकायदा आहे. खोट्या बोलीने भाव चढवला तर खरेदीदाराला सौदा मोडता येतो. आणि बरेचदा मेव्हणाच जिंकतो. मग विक्री शुल्क भरा, नाहीतर रद्द केल्याचा ठपका घ्या.

प्रश्न : बोली लागल्यावर मागे फिरलो तर कोर्टकचेरी होऊ शकते का? (सात रस्ता)

त्याच कलम ६४प्रमाणे लिलावातली विक्री हातोडा पडल्यावर किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीने ती पुरी झाल्याचं जाहीर केल्यावर पूर्ण होते. तोवर बोलीदारही आपली बोली मागे घेऊ शकतो. पण संकेतस्थळाच्या अटी तुम्ही मान्य केलेल्या असतात, त्या वेगळ्या लागू होतात. आणि देशोदेशी निकाल सारखे नाहीत.

जर्मनीतला दाखला बघण्यासारखा आहे. एकाने जुनी फोक्सवॅगन पसाट १ युरोपासून लिलावाला लावली आणि बाहेर गिऱ्हाईक मिळालं म्हणून लिलाव थांबवला. तेव्हा १ युरोची बोली लावलेला माणूस कोर्टात गेला. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर २०१४मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. गाडीची किंमत ५,२५० युरो धरून विक्रेत्याला ५,२४९ युरो भरपाई द्यावी लागली. याच न्यायालयाने २०११मध्ये दुसऱ्या विक्रेत्याला मात्र सोडलं होतं, कारण त्याचा लिलावातला कॅमेरा चोरीला गेला होता. तिथे लिस्टिंग लावणं हाच बांधून घेणारा प्रस्ताव मानला जातो, म्हणून हे निकाल जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. पण जर्मन संकेतस्थळावर माल लावत असाल तर १ युरोपासून सुरुवात करू नका.

प्रश्न : आजोबांचे चांदीचे रुपये निघाले, पंचम जॉर्जचे, १९१८ सालचे. त्यातला एक लावला, बोली ३०च्या पुढे गेलीय. एक जण म्हणतो, हे परदेशी पाठवता येत नाहीत. खरं का? (अक्कलकोट)

खरं आहे. हा लिलाव आजच थांबवा. पुरावशेष आणि कला संपत्ती अधिनियम, १९७२नुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. खाजगी माणसाने पाठवलं तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड, अशी शिक्षा आहे. १९१८चा रुपया शंभरी ओलांडून बसला आहे. मर्यादा दर वर्षी एक-एक साल पुढे सरकते, त्यामुळे चार वर्षांपूर्वी बिनधोक पाठवलेलं नाणं आज चालेलच असं नाही.

बोली रद्द करा, कारण ‘वस्तू विक्रीला उपलब्ध नाही’ द्या, बोलीदारांना खरं कारण कळवा. १२ तासांची रेघ ओलांडली असेल तरी नाणं पाठवू नका. लिलाव संपल्यावर व्यवहार रद्द करा, पैसे आले असतील तर परत करा, ठपका सोसा. उरलेल्या रुपयांची साले भिंगाखाली नीट वाचून दोन ढीग करा. सहाव्या जॉर्जचे, १९४० वगैरे सालचे, सध्या या मर्यादेच्या अलीकडे आहेत. जुनं काही पाठवताना वयाबद्दल शंका असेल तर लिलाव लावण्याच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या.